उन्हाचे पीक, तागडी कोणाची?

गोव्यातल्या आमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत गटाराचा विषय दहा मिनिटांत आटोपला आणि सोलरवर मात्र दीड तास खडाजंगी झाली. एका बाजूला नव्याने पॅनल बसवलेले चार-पाच तरुण. बिल शून्यावर येते, उरलेली वीज सरकार विकत घेते, मग पॅनल न बसवणारा खुळाच म्हणायचा, असा त्यांचा सूर. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त लाइनमन आणि त्याच्यामागे बरीच मंडळी. हे सगळे स्लॅबवाल्यांचे चोचले, त्यांनी बिल भरायचे थांबवले की तारा-खांबांचा खर्च कौलारू घरांच्या बोडक्यावर, असा यांचा हिशेब. सरपंचांनी दोघांनाही "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हटले आणि चहा मागवला. माझ्या स्लॅबवर तीन किलोवॅटची पॅनल आहेत, तेव्हा मी कुठल्या बाजूचा हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. मला मात्र दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटल्या, आणि दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडताहेत असे वाटले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. छपरावरची वीज हे पीक आहे. त्याला बियाणे लागते, पाऊसपाणी बघावे लागते, आणि घरी खाऊन उरले तर ते विकायचे असते. विकणाऱ्याला काय लागते? पेरणीआधी कळलेला भाव, वेळेवर पैसे आणि खरी तागडी. 'फुकट' या शब्दाने या तिन्हींवरचे लक्ष उडवले आहे. दुसरे म्हणजे, सरकारने आपला जोर महिन्याला पाचशे युनिट जाळणाऱ्या बंगल्यावर खर्च करू नये, दीडशे युनिटांच्या कौलारू घरावर करावा. त्यात त्या घराचे भले आहे आणि, लाइनमनसाहेबांनी रागावू नये, वीज खात्याचेही आहे.

आधी यंत्रणा, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. पॅनलमधून येणारी वीज इन्व्हर्टर घरच्या विजेसारखी करून देतो. ती आधी घरातला फ्रिज, पंखा, पंप चालवते आणि उरली तर खांबावरच्या तारेत जाते. मीटर दोन्ही दिशांना मोजतो: खांबावरून किती आली, खांबाला किती गेली. बिलात दोहोंची वजाबाकी होते. या महिन्यात जास्त गेली असेल तर ती युनिटे पुढच्या महिन्यात जमा धरतात, आणि वर्षाअखेर जे शिल्लक राहील त्याचे पैसे नियामक आयोगाच्या दराने मिळतात. आपल्याकडे हे नियम गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. म्हणजे 'वीज विकणे' म्हणून जे सांगितले जाते ते बहुतांशी उसनवारी आहे. दुपारी शेजाऱ्याकडे ठेवलेला तांदूळ रात्री परत आणायचा. खरी विक्री होते ती वर्षाअखेरच्या शिलकीची, आणि तिच्या दराबद्दल ग्रामसभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

आणखी एक गंमत. मला पॅनल बसवून देणाऱ्या कंत्राटदाराने छातीठोक सांगितले होते की आता वीज गेली तरी तुमच्याकडे लख्ख उजेड. पहिल्याच जूनच्या वादळात भर दुपारी वाड्यावरची वीज गेली आणि माझीही गेली. बॅटरी नसलेला साधा ग्रिडवरचा इन्व्हर्टर खांबावरचा प्रवाह थांबला की स्वतःहून बंद होतो. व्हायलाच हवा. नाहीतर वर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला माझ्या छपरावरून शॉक बसेल. हे त्या गृहस्थाला माहीत नव्हते असे मी मानत नाही.

आता पैशांकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ पासून चालू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. देशभरात एक कोटी घरे हे लक्ष्य, आणि खर्चाची तरतूद ७५,०२१ कोटींची. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटे निघतात. तीन किलोवॅटचा खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास धरला तर अनुदान वजा जाता लाखभर रुपये खिशातून जातात. हे लाख किती वर्षांत वसूल होतात? इथे गोव्याची खास अडचण येते. घरगुती विजेचा आपला दर देशातल्या स्वस्त दरांपैकी आहे. पहिल्या शंभर युनिटांना दोन रुपयांच्या आसपास, आणि चारशेच्या वरच्या युनिटांना त्याच्या अडीच-तीन पट.

माझ्या शेजारी एक माई राहतात. घर कौलारू, एक फ्रिज, दोन पंखे, चवथीला मुले आली की तेवढा मिक्सर आणि दिव्यांच्या माळा. महिन्याला दीडशे युनिटे, बिल साडेतीनशे-चारशेच्या घरात. उद्या त्यांनी तीन किलोवॅट बसवले आणि बिल पुसून टाकले, तरी वर्षाला चारेक हजारच वाचणार. निव्वळ वाचलेल्या बिलावर लाखाची वसुली व्हायला पंचवीस वर्षे, म्हणजे पॅनलचे सगळे आयुष्य, आणि मध्ये इन्व्हर्टर बदलायचा खर्च निराळा. उलट रस्त्यापलीकडच्या बंगल्यात तीन एसी आहेत, पाचशे युनिटे जातात. पॅनलची साडेतीनशे युनिटे त्यांच्या बिलाच्या वरच्या, महागड्या टप्प्यांतून कापली जातात. वर्षाला अठरा-एकोणीस हजार वाचतात आणि पाच-सहा वर्षांत पैसे वसूल. त्यांच्याकडे विकायला काही उरतच नाही, त्यामुळे विक्रीचा दर काय आहे याची त्यांना फिकीरही नाही. माईंकडे मात्र वर्षाला दोन हजार चारशे युनिटे शिल्लक राहतात. त्यांना युनिटामागे दोन रुपये मिळाले तर लाख फिटायला अकरा-बारा वर्षे लागतील, चार मिळाले तर सात-आठ. हे ढोबळ आकडे आहेत, पण त्यातून एक विचित्र गोष्ट दिसते: वीज विकून पैसे मिळवा अशी जाहिरात ज्यांच्यापुढे चालते त्यांना विकायचे नसते, आणि ज्यांचे सगळे गणित विक्रीवर उभे आहे त्यांना कोणी दर सांगत नाही.

लाइनमनसाहेबांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, रात्री दोन वाजता पावसात फ्यूज बांधायला येणारा माणूस, हा सगळा खर्च पॅनल असणाऱ्यासाठीही होतोच. किंबहुना तो जास्त वापरतो: दिवसा द्यायला आणि रात्री घ्यायला. मग त्याने शून्य बिल का भरावे? खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा अनुभव असलेल्या गोंयकाराला हे समजायला जड जाऊ नये. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार ओहोटीला उघडते, भरतीला मिटते, पाणी दोन्हीकडे हलते. पण बांध सगळ्यांचा असतो. ज्याचे शेत बांधाला लागून आहे त्याने 'मला बांधाची गरज नाही' म्हणून वर्गणी चुकवली असती तर दोन पावसाळ्यांत खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरले असते. बांधाची वर्गणी पॅनलवाल्यानेही भरली पाहिजे. स्थिर आकार सगळ्यांना, आणि मोठ्या भाराला मोठा. माझ्यासकट.

पण यातून 'सोलर म्हणजे गरिबांवर बोजा' हा निष्कर्ष निघतो का? तो बंगल्याच्या बाबतीत निघतो. माईंच्या बाबतीत नेमका उलटा निघतो. गोव्याकडे सांगण्यासारखी स्वतःची वीजनिर्मिती नाही. छत्तीसगडच्या कोरब्यासारख्या दूरच्या केंद्रांतून वीज येते, वाटेत काही गळते, वहनाचा आकार लागतो. ती इथवर आणायला खात्याला जे पडते त्याहून कमी पैशांत ती माईंना विकली जाते. म्हणजे माईंना दिलेल्या प्रत्येक युनिटामागे खाते पदरचे घालते, आणि ती तूट हॉटेलवाल्याच्या बिलातून नाहीतर सरकारी तिजोरीतून भरून निघते. माईंनी आपली वीज आपण पिकवली तर ही तूट तेवढी घटते. बंगल्याने पिकवली तर खात्याचे चांगले पैसे देणारे गिऱ्हाईक जाते. तेव्हा वीज खात्याने स्वतःचा स्वार्थ पाहिला तरी पहिले पॅनल माईंच्या छपरावर चढायला हवे. आज गावागावांत ते नेमके दुसरीकडे चढते आहे. याला योजनेचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. ज्याच्या हातात लाख रुपये आणि स्लॅब दोन्ही आहे तो आधी पोचतो, इतकेच.

म्हणून दराचे तत्त्व मला असे असावेसे वाटते. तीन किलोवॅटपर्यंतच्या घरांना आजची वजाबाकीची पद्धत तशीच राहू द्या आणि वर्षाअखेरच्या शिलकीला निदान तेवढा भाव द्या जेवढा खाते बाहेरून वीज आणायला सरासरीने मोजते. भीक नको आणि बक्षीसही नको. त्याहून मोठ्या छपरांना घेण्याचा दर वेगळा, देण्याचा वेगळा. ज्याला वीस किलोवॅट टाकून धंदा करायचा आहे त्याने जरूर करावा, पण धंद्याच्या नियमाने.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो पहिल्यापेक्षा पक्का आहे. वीज हवी असते संध्याकाळी सात वाजता, ऊन असते दुपारी बाराला. देशभर सोलर वाढल्यामुळे दुपारची वीज घाऊक बाजारात स्वस्त होत चालली आहे, हे केंद्रानेही मान्य केले आहे. २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत दर कमी आणि गर्दीच्या तासांत चढा असावा, असे ठरले ते उगाच नव्हे. मग दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट सारखेच कसे? नाहीतच. छोट्या घरांना ते सारखे धरणे ही सवलत आहे आणि ती सवलत आहे हे उघड सांगावे. पण हाच तर्क पुढे नेला तर संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत बॅटरीतून वीज देणाऱ्याला चढा भाव मिळायला हवा. तो द्यायची तयारी नसेल तर वेळेचा मुद्दा केवळ भाव पाडण्यापुरता वापरला जातो आहे असे म्हणावे लागेल. घाटावरून दूध कमी येते तेव्हा भाव चढतो, हे डेअरीला घालणाऱ्या कुठल्याही माणसाला कळते.

पावसाचे तर विचारूच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखात आषाढात माझ्या बिलावरचा एक्स्पोर्टचा आकडा शरमेने मान खाली घालतो. म्हणूनच मोलेच्या अभयारण्यातून न्यायच्या वीजवाहिनीच्या वादात दोन्हीकडून जे ठोकून दिले गेले ते मला पटले नव्हते. २०२० मध्ये गोवा-तमनार वाहिनीविरुद्ध आंदोलन उभे राहिले तेव्हा आमच्यातले काही उत्साही म्हणत, छपरे भरा, वाहिनी नको. समोरून उत्तर यायचे, वाहिनी नसेल तर अंधार. जुलैच्या रात्री छपरावर गोवा चालणार नाही हे खरे. पण प्रश्न वाहिनी हवी की नको एवढाच होता का? कुठल्या वाटेने आणि किती, हाही होता. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये अभयारण्यातून नवी वाट पाडण्याऐवजी जुन्या २२० केव्ही वाहिनीच्याच मार्गाचा वापर करा असे सुचवले, तेव्हा हा दुसरा प्रश्न कागदावर आला. एप्रिल-मेच्या भर दुपारी, म्हणजे एसी फुल चालतात तेव्हा, छपरांनी जो भार उचलला तो दुरून आणावा लागत नाही. छपरे वाहिनीची जागा घेत नाहीत, पण पुढची वाहिनी लांबवतात. जंगलाच्या दृष्टीने हे कमी आहे का?

आता थोडा इतिहास, कारण उन्हाचे पीक घेणे गोव्याला नवे नाही. आपली मिठागरे हे उन्हाचेच पीक होते. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, सूर्याला काम करू द्यायचे, मीठ ओढायचे. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि रेल्वे आली, त्याबद्दल शाळेत शिकवतात. त्याच कराराने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाची आणि विक्रीची सूत्रे ब्रिटिशांच्या हाती गेली आणि भरपाईदाखल वर्षाला चार लाख रुपये पोर्तुगीज सरकारला मिळू लागले, हे कमी सांगतात. भरपाई लिस्बनच्या खात्यात, आणि आगरावर उभा असलेला माणूस आपलेच मीठ आपल्या भावाने विकू शकत नाही. करार १८९२ मध्ये संपला. तो चालू होता तेव्हाही ऊन तेच होते, समुद्र तोच होता. बदलले होते ते एवढेच की माप आणि भाव दुसऱ्याच्या हातात होते.

आजची तुलना तंतोतंत नाही, आपले सरकार आपणच निवडतो. पण जो एकमेव खरेदीदार असतो त्याला भाव नंतर बदलायचा मोह होतोच. जर्मनीने १ जानेवारी १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने वीज कंपन्यांना सूर्य आणि वाऱ्याची वीज किरकोळ दराच्या नव्वद टक्क्यांनी घ्यायला लावली, आणि २००० च्या कायद्यात वीस वर्षांचा बांधलेला भाव दिला. नव्याने येणाऱ्यांचा भाव दरवर्षी उतरत गेला, पण आधीच्यांना दिलेला शब्द टिकला. स्पेनने घाईत मोठे भाव जाहीर केले आणि २०१० ते २०१३ दरम्यान आधीच उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचेही दर कापले. कर्ज काढून पॅनल घातलेली साधी कुटुंबे त्यात पोळली. वर २०१५ मध्ये स्वतःपुरती वीज बनवणाऱ्यांवर आकार बसवला, ज्याला लोकांनी सूर्यकर म्हटले. तो २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्याने पॅनल बसवणाऱ्यांच्या शिलकीचा भाव सुमारे पंच्याहत्तर टक्क्यांनी घटवला. पण जुन्यांची वीस वर्षांची मुदत राखली. भाव कमी झाला म्हणून माणूस हिशेब बदलून जगतो. शब्द मोडला की पुढची दहा वर्षे कोणी छपराला हात लावू देत नाही. आपल्याकडे वर्षाअखेरच्या शिलकीचा दर निदान दहा वर्षांसाठी कनेक्शनच्या कागदावर छापून द्यायला काय हरकत आहे?

नियम तसे वाईट नाहीत. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, आणि पाच किलोवॅटपर्यंत वितरण यंत्रणा बळकट करायची असेल तर तो खर्च वीज देणाऱ्यानेच करायचा आहे. ट्रान्सफॉर्मरला झेपेल का, अशीही एक शंका ग्रामसभेत निघाली होती, ती निदान कागदावर तरी मिटलेली आहे.

मिटलेले नाही ते गोव्याचे घर. कोणाच्या छपराला छप्पर म्हणायचे, हाच इथे प्रश्न असतो. माईंचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत. अशा जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना कोणी हुसकावू शकत नाही, पण घराची जागा नावावर करून घेण्याचे प्रकरण सासऱ्यांपासून चालले आहे. वीजजोडणी दिवंगत नवऱ्याच्या नावावर. वडिलोपार्जित मोठ्या घरांची गत वेगळी नाही. वारसांतले निम्मे लंडनला नाहीतर मुंबईला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नाही, सह्या कोणाकोणाच्या घ्यायच्या? फोंड्या-मडगावच्या फ्लॅटवाल्याकडे तर छप्परच नाही, गच्ची सोसायटीची. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, त्यावर पंप आणि जिन्याचे दिवे चालतील. फ्लॅटच्या आतल्या बिलाचे काय? दिल्लीने २०१९ मध्येच एका ठिकाणची निर्मिती अनेकांच्या बिलांत वाटून घालायची वाट मोकळी केली. गोव्यात या वाटेची खरी गरज फ्लॅटपेक्षाही कौलारू वाड्यांना आहे. मंगळुरी कौलांखालचे जुने वासे वजन घेतील याची खात्री नसते, वर माड आणि फणसाची सावली, आणि नारळ पडला तर पॅनलचे काय होईल ते सांगायला नको. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारी छान पिकते, पण तिथल्या घरावर ऊन उतरत नाही. मग गावच्या शाळेच्या, पंचायतीच्या नाहीतर मार्केटच्या छपरावर वाड्याने मिळून पॅनल घालावीत आणि युनिटे ज्याच्या त्याच्या बिलात जमा व्हावीत. त्यासाठी घर नावावर असण्याची अट का असावी? वर्षानुवर्षे बिल भरणारा माणूस वीज विकत घ्यायला चालतो, तर विकायला का चालू नये?

ग्रामसभेहून परतताना माईंना हे सगळे सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे माझ्या कौलांवर काही बसणार नाही, पण शाळेच्या पत्र्यावर माझा वाटा असेल, असंच ना? आणि पावती कोणाच्या नावाची?" मी म्हटले, तेच पुढच्या सभेत लेखी विचारणार आहे. त्या हसल्या आणि अंगणातली भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलां उलटी करायला गेल्या. पाऊस यायच्या आत ती वाळायची होती.